ॲम्पच्या पायाखाली

४५ किलोंचा पॉवर ॲम्प्लिफायर तिसऱ्या मजल्यावर चढवायला दोन हमाल पुरले. तो कशावर ठेवायचा हे ठरवायला मात्र दोन हुशार माणसं पुरत नाहीयेत. घर कोथरूडचं. भाची बँकेत आहे, पण तिचा खरा दिवस घरी आल्यावर सुरू होतो: रेकॉर्ड प्लेअर, व्हॉल्व्हचा प्रीॲम्प, आणि आता हे सेकंडहँड घेतलेलं, क्लास-ए पद्धतीचं ट्रान्झिस्टरवालं धूड. मामांची सगळी नोकरी फोर्जिंग हॅमरचे पाये आखण्यात गेली. म्हणजे कंपन हा दोघांचाही विषय. तिला ते संगीतात शिरायला नको असतं, मामांना ते जमिनीत शिरायला नको असायचं. मी शेजारी. त्यांचा वाद जमेल तसा उतरवून काढला आहे आणि राहवलं नाही तिथे मधे बोललोही आहे.

ॲम्प आधी टीव्ही युनिटवर होता. फळी वाकायला लागली म्हणून खाली उतरवला. सध्या तो हॉलच्या फरशीवर, पुठ्ठ्यावर बसून आहे.

भाची: मामा, पाय ठरवलेत मी. चारचा संच. खाली वाटी, त्यात पोलादी गोळी, वर पुन्हा उलटी वाटी. कंपन तोडतात.

मामा: कुठलं कंपन? कुठून निघून कुठे जाणारं?

भाची: खोलीतलं. स्पीकर वाजले की जमीन हलते, ते ॲम्पमध्ये चढतं आणि आवाज गढूळ होतो.

मामा: हॅमरचा पाया आखायला बसलो की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. गुन्हेगार कोण आणि फिर्यादी कोण? आपलं यंत्र शेजाऱ्याला हलवतंय, की शेजारी आपल्याला? यंत्रांच्या पायांचं मानक, आयएस २९७४, उघडायचं ते त्यानंतर. तू न विचारताच ॲम्पला फिर्यादी करून टाकलंस.

भाची: सगळे तसंच मानतात.

मामा: मग सगळ्यांच्या वतीने एक हिशेब कर. ९४ डेसिबल म्हणजे हवेच्या दाबात १ पास्कलचा चढउतार. या हॉलमध्ये ९४ लावलंस तर वरचे, खालचे आणि समोरचे तिघेही दारात येतील. ॲम्पचं झाकण ४५ बाय ४० सेंटीमीटर धर, म्हणजे ०.१८ चौरस मीटर. त्यावर जोर किती? ०.१८ न्यूटन. वजनात सांगायचं तर १८ ग्रॅम. तेही दाब फक्त वरून पडतो असं धरून. खालचे स्वर खोलीत सगळीकडून जवळपास सारखेच दाबतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी. ४५ किलोंना १८ ग्रॅम काय हलवणार?

भाची: ४५ किलो म्हणजे लोखंड आणि ट्रान्सफॉर्मर, मामा. सर्किटची पट्टी काही ४५ किलोंची नाही. झाकण थरथरलं की ती थरथरते.

मामा: हे बरोबर बोललीस. पण ती थरथर हवेतून, वरून येतेय. तुझ्या गोळ्या खाली आहेत. वरून येणाऱ्याला त्या कशा अडवणार?

भाची गप्प बसली, पण पटल्यामुळे नव्हे. ती दुसरी बाजू शोधत होती, आणि तिला ती सापडली.

भाची: व्हॉल्व्हचं काय मग? प्रीॲम्पच्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टिचकी मारली की स्पीकरमधून टुंग येतं. तूही ऐकलंयस.

मामा: ऐकलंय, आणि त्यात काही गूढ नाही. व्हॉल्व्हच्या आत कॅथोडच्या अगदी लगत बारीक तारेची जाळी असते. ती हलली की अंतर बदलतं, अंतर बदललं की प्रवाह बदलतो. म्हणून व्हॉल्व्ह नको असताना मायक्रोफोनचं काम करतो. काही सिरॅमिक कपॅसिटरही दाबाला सूक्ष्म व्होल्टेजने उत्तर देतात. प्रश्न हा आहे की ही भेसळ कुठल्या टोकाला होते. रेकॉर्डच्या सुईतून येतं ते फोनो स्टेज शंभरेक पट वाढवते. मूव्हिंग कॉइलची सुई असेल तर हजार पट. त्या टोकाला मिसळलेलं सगळं पुढे वाढतच जातं. पॉवर ॲम्प रांगेत शेवटचा, त्याची वाढ वीस-तीस पट. तेव्हा पैसे घालायचे असतील तर क्रम असा: आधी रेकॉर्ड प्लेअर, मग व्हॉल्व्हचा प्रीॲम्प, आणि उरलेच तर हा. लोक नेमकं उलटं करतात. जड वस्तूला भारी पाय शोभतात ना!

भाची: म्हणजे याच्याखाली काहीच नको? ठेवू पुठ्ठ्यावर?

मामा: तसं कुठे म्हटलं मी?

इथे स्पाइकचा विषय निघाला. भाचीने त्या पितळी, टोकदार पायांचं एक जुनं पाकीटही काढलं. स्पाइकवर दोघांचं चटकन एकमत झालं, म्हणून लांबण लावत नाही. ही कल्पना ज्या देशांतून आली तिथे घरांना लाकडी जमीन आणि तिच्यावर गालिचा असतो. गालिच्यावर ठेवलेला रॅक डुगडुगतो, म्हणून टोक गालिच्यातून आरपार नेऊन खालच्या लाकडात टेकवायचं. आपल्याकडे सिमेंटच्या स्लॅबवर व्हिट्रिफाइड टाइल आहे, गालिचा नाही. टोक कशातून आरपार न्यायचं? उलट ४५ किलो चार टोकांवर आले तर एकेका टोकावर अकरा किलो. टोकाचं तोंड एक चौरस मिलीमीटर धरलं तर चौरस सेंटीमीटरला ११०० किलोंचा दाब. टाइलखाली माल नीट भरलेला नसेल, आणि आपल्याकडे तो बरेचदा नसतो, तर तडा ठरलेला. स्पाइक कंपन एकाच दिशेने, खाली 'निचरा' करून देतो असंही सांगितलं जातं. मामांच्या मते नळाला असा व्हॉल्व्ह बसवता येतो, खिळ्याला नाही. ताठ जोड दोन्ही दिशांना तेवढाच ताठ.

भाची: बरं, स्पाइक नको. पण माझ्या मैत्रिणीकडचं सांगते. तिचा ॲम्प जवळपास एवढाच. त्याच्याखाली मऊ पाय घातले आणि मालकंसची आलापी एकदम स्वच्छ झाली. मी तिथे होते. मी जाहिरात वाचून बोलत नाहीये.

मामा: ॲम्प कशावर होता?

भाची: टीव्हीच्या कपाटावर.

मामा: प्लायवूडच्या?

भाची: हो. का?

मामा: तू ऐकलेला फरक खरा आहे, एवढ्यासाठी विचारलं.

मामा स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. बेअरिंगची खरखर ऐकायला मेकॅनिक करतात तसं त्याचं टोक चालू ॲम्पच्या पेटीला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. मग भाचीला दिला. तिने ऐकलं. तिचा चेहरा पाहून मीही ऐकलं. आत बारीक, सलग 'हूं' चालू होतं.

मामा: हा ट्रान्सफॉर्मर. वीज ५० हर्ट्झची, पण गाभ्यातलं चुंबकत्व प्रत्येक फेऱ्यात दोनदा टोकाला जातं, म्हणून गाभा सेकंदाला १०० वेळा किंचित ताणला-आकसला जातो. हा १०० हर्ट्झचा स्वर नुसत्या पेटीतून फार ऐकू येत नाही, कारण जाड पत्र्याची पेटी हवेला फारशी ढकलत नाही. पण तीच पेटी १२० सेंटीमीटर लांबीच्या, दोन टोकांवर टेकलेल्या १८ मिलीमीटरच्या प्लायवर ठेव. सबंध फळी बोलायला लागते. तंबोऱ्याच्या तारा नुसत्या हवेत ताणल्या तर कितीशा ऐकू येतात? भोपळ्यावर तबली असते म्हणून तंबोरा बोलतो. टीव्हीचं कपाट ही त्या ॲम्पची तबली झाली होती. मऊ पायांनी ती तोडली. ॲम्पच्या आवाजात काही बदललं नाही, खोलीतला एक वेगळा आवाज गेला.

भाची: थांब, थांब. १०० हर्ट्झ म्हणालास?

मामा: हो.

भाची: काळी एकच्या गायकाचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. त्यावरचा तीव्र मध्यम साधारण ९८, पंचम १०४. म्हणजे हे 'हूं' तीव्र मध्यमाच्या जरा वर आणि पंचमाच्या खाली, धड कुठल्याच स्वरावर नाही. आणि मालकंसात तीव्र मध्यमही नाही, पंचमही नाही! रागात ज्याला जागाच नाही असं काहीतरी आलापीभर खाली चालू होतं. म्हणूनच ते गेल्यावर एवढं मोकळं वाटलं.

मामांनी यावर काही उत्तर दिलं नाही. खर्जाचा आकडा त्यांनी मोबाइलवर पडताळून पाहिला, एवढं मी पाहिलं. माझ्या मते या सगळ्या चर्चेतला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच, आणि तो मांडला तो कानावर विश्वास ठेवणाऱ्या बाजूने. इंजिनिअरला दिशा कळली होती. ते कंपन नेमकं कुठे बोचतं हे मात्र गाणं ऐकणारीला कळलं. जड ॲम्पच्या बाबतीत गुन्हेगार बहुतेक वेळा ॲम्पच असतो आणि फिर्यादी असतं त्याच्याखालचं फर्निचर. पाय घ्यायचे ते फर्निचरसाठी.

भाची: मग माझे गोळीवाले पाय?

मामा: गोळी वाटीत आडवी डोलते. आडव्या हालचालीला तिचा थोडा उपयोग असेल. फळीला बोलकं करतं ते मुख्यतः उभं कंपन, आणि उभ्या दिशेने पोलाद पोलादावर टेकलंय, म्हणजे ताठच. शिवाय एवढ्या वजनाने वाटीत खळगा पडायचा. त्यापेक्षा हे बघ. मऊ आधारावर वजन ठेवलं की तो किती दबतो तेवढंच मोजायचं. दबलेलं सेंटीमीटरमध्ये घ्यायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं, आणि ५ ला त्याने भागायचं. ती त्या आधाराची स्वतःची वारंवारता. १ सेंटीमीटर दबला तर ५ हर्ट्झ. १ मिलीमीटर दबला तर १६ च्या आसपास. रबर हलताना जास्त ताठ वागतं, म्हणून १६ चे २० धरू. आता १०० हर्ट्झ हे २० च्या पाचपट. पाचपटीला खाली पोचतं ते चार-पाच टक्के. पंच्याण्णव भाग वरच अडले. हे सगळं करायला रबर फक्त १ मिलीमीटर दबायला हवं! पंपाखाली, जनरेटरखाली घालतात ते रबर-कॉर्कचे पॅड हे काम करतात.

भाची: काही शेकड्यांत.

मामा: काही शेकड्यांत. अट एकच, खालचा आधार ताठ हवा. लवचिक फळीवर हे गणित पांगळं होतं, कारण पॅड दबायच्या ऐवजी फळीच लवते.

भाची: मग हेच पॅड रेकॉर्ड प्लेअरखालीही घालू?

मामा: अजिबात नाही! इथेच लोक फसतात. मऊ आधार स्वतःच्या वारंवारतेच्या दीडपटीपर्यंत काहीच अडवत नाही, उलट तिथे वाढवतो. माणूस चालतो सेकंदाला दोनेक पावलं, आणि जमिनीचे हेलकावे हे सगळे खालच्या पट्ट्यातले. २० हर्ट्झचा पॅड त्यांना सरळ वर जाऊ देईल, आणि जे नेमके २० च्या जवळ असतील त्यांना फुगवून देईल. रेकॉर्ड प्लेअरला खूप खालची वारंवारता लागते. एडगर विल्चर यांनी १९६१ मध्ये अकूस्टिक रिसर्चचा टर्नटेबल काढला, त्यात तबकडी आणि टोनआर्म एकाच चौकटीवर बसवून ती चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगत ठेवली. साठ वर्षं झाली, पण विचार तोच आहे. आणि तुला स्प्रिंगा नको असतील तर विटांच्या भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर प्लेअर ठेव. पावलांचा प्रश्न मिटला.

भाची: वारंवारता जितकी खाली तितकं चांगलं, तर मग ॲम्पलाही सरळ टांगू या ना. गुरुत्वीय लहरी टिपणारे लायगोवाले त्यांचे आरसे टांगतात.

मामा: टांगतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगो-इंडिया होतंय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोत ४० किलोंचा काचेचा आरसा आहे, ३४ सेंटीमीटर व्यासाचा. तुझ्या ॲम्पच्याच वजनाचा म्हण. तो चार मजली लोलकाच्या तळाशी टांगलाय, शेवटच्या मजल्यावर ०.४ मिलीमीटर जाडीच्या काचेच्या धाग्यांवर. कारण त्यांना १० हर्ट्झपासून वरचं मोजायचंय, आणि अणूच्या केंद्रकापेक्षाही कितीतरी लहान हालचाल मोजायचीय. आधी त्यांनी काय ऐकायचं ते ठरवलं, मग लोलक. तुला ॲम्पमधून बाहेर पडणारं १०० हर्ट्झ अडवायचंय. त्याला लोलक लागत नाही.

भाची: तुला प्रत्येक ठिकाणी स्वस्तच दिसतं.

मामा: मला लागतं तेवढंच दिसतं. बरं, पॅड घालायच्या आधी ही गुणगुण एवढी का वाढते तेही बघ. रात्री वाढते का?

भाची: हो, अकरानंतर.

मामा: तेव्हा आपल्याकडे व्होल्टेज चढतं. परदेशी ट्रान्सफॉर्मर २२० साठी गुंडाळलेला असेल आणि भिंतीत २५० असतील तर गाभा चुंबकत्वाने तुडुंब होतो आणि कुरकुरतो. आणि केस वाळवायचं यंत्र 'लो' वर असताना?

भाची: तेव्हाही! मला वाटलं माझा भास.

मामा: काही ड्रायर 'लो' ला डायोड लावून अर्धीच लाट खातात. त्याने लाइनमध्ये थोडा डीसी येतो. गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला तो अजिबात सोसत नाही. त्याला पॅडचा इलाज नाही. डीसी अडवणारा फिल्टर लागतो किंवा केस टॉवेलने पुसावे लागतात. आणि एक लक्षात ठेव. स्पीकरमधून येणारी गुणगुण वेगळी आणि पेटीतून येणारी वेगळी. स्पीकरमधली विजेच्या जोडणीतून, अर्थिंगमधून येते, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकाने सुईत उठवलेली असते. चुंबकाच्या गुणगुणीवर एकच उपाय, ॲम्प रेकॉर्ड प्लेअरपासून लांब. एकाच रॅकवर एकावर एक नको.

यानंतर स्टँडची चर्चा झाली, आणि मामा इथे जरा रंगात आले. त्यांच्या डोक्यात एक आराखडा तयारच होता. ४० मिलीमीटरच्या चौकोनी लोखंडी पाइपची वेल्डिंग केलेली चौकट, तिच्यावर पॅड, पॅडवर ६० बाय ४५ बाय ३ सेंटीमीटरची ग्रॅनाइटची लादी, आणि लादीवर ॲम्प स्वतःच्या पायांवर. लादीचं वजन बावीसेक किलो. वजन वाढलं की तेच पॅड जास्त दबतात आणि वारंवारता आणखी खाली येते. हॅमरच्या पायांचंच तत्त्व हे: यंत्राखाली भरपूर वस्तुमान, वस्तुमानाखाली स्प्रिंग. स्लॅबची काळजी नको, राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून काढतात आणि पुस्तकांनी भरलेलं लोखंडी कपाट याहून जड असतं. मामा कागदावर चित्र काढत होते. भाचीने ॲम्प एका बाजूने उचलून खाली टॉर्च मारला.

भाची: मामा, तळाला जाळी आहे.

मामा: कसली जाळी?

भाची: हवा घ्यायची. पूर्ण तळभर. तुझी लादी ती झाकणार.

मामा: ॲम्पच्या पायांमुळे दोन सेंटीमीटर फट राहील की.

भाची: पाठीवर काय लिहिलंय वाच. ३०० वॅट. क्लास-ए आहे हा, वाजो न वाजो, तेवढीच वीज खातो. चार तासांत १.२ युनिट, आणि जवळपास सगळी उष्णतेत. त्याला खालून गार हवा हवी आणि वरून वाट हवी. दोन सेंटीमीटरच्या फटीतून किती येणार? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १० अंशांनी तापला की त्याचं आयुष्य निम्मं होतं, हे तूच शिकवलंस मला.

मामांनी चित्राकडे पाहिलं. लादीवर काट मारली. हा क्षण मला फार आवडला, कारण कंपनाबद्दलच्या सगळ्या चर्चांत उष्णता हा मुद्दा कोपऱ्यात पडलेला असतो, आणि जड ॲम्पचं आयुष्य खरं तर तोच ठरवतो. जाड फोमच्या गादीवर ठेवलेले ॲम्प मी पाहिलेत. पाय गादीत रुततात, तळाची जाळी बुजते आणि मालक समाधानाने सांगतो की आता आवाज उबदार येतो. येणारच.

मामा: ठीक. लादी गेली. चौकट मधून मोकळी ठेवू. दोन आडव्या पट्ट्या, ॲम्पच्या डाव्या-उजव्या कडेखाली. पट्ट्यांवर पॅड, पॅडवर ॲम्प. अंतर आखूड म्हणजे पट्टी लवणार नाही. अंतर निम्मं केलं की वाकणं एक अष्टमांशावर येतं. पाइप मात्र पोकळ, तो स्वतः वाजेल.

भाची: त्यात कोरडी वाळू भरू.

मामा: आं? हो. भरू. तोंडं वेल्डिंगने बंद करायच्या आधी. पावसाळ्यातली ओली वाळू नको, आतून गंज धरेल.

भाची: आणि उंची?

मामा: पंधरा सेंटीमीटर. याहून उंच कशाला? ४५ किलो कंबरेच्या वर उचलायचे नसतात, गुडघ्याखालीच सरकवायचे. खालून मॉप फिरायला हवा, नाहीतर मावशी महिन्यातून एकदा ॲम्प हलवतील आणि मला ते बघायचं नाही. वर किमान पंधरा सेंटीमीटर मोकळं, त्यावर पुन्हा कप्पा नको. आणि तळाला बारीक जाळी लाव. उबेला पाली येतात.

मग पॅड कापायची वेळ आली. मामांनी न्हाणीघरातला वजनकाटा मागवला. ॲम्पची पुढची बाजू काट्यावर, मागची बाजू तेवढ्याच जाडीच्या फळीवर, म्हणजे तो तिरका होऊन आकडा फसवणार नाही. पुढे २९ किलो. उलटं फिरवलं, मागे १६. ट्रान्सफॉर्मर पुढच्या पॅनलमागे बसलेला, म्हणून. डावं-उजवं सारखंच निघालं.

मामा: चारही पॅड सारखे घातले तर पुढचे जवळपास दुप्पट दबतील आणि ॲम्प नाक खाली करून बसेल. पुढच्या प्रत्येक पायावर साडेचौदा किलो, मागच्यावर आठ. मागचे चार बाय चार सेंटीमीटर काप, पुढचे ५.४ बाय ५.४. मग दबणं सारखं. एक मिलीमीटर दबतात का ते स्टीलच्या पट्टीने बघ. नाही दबले तर आकार लहान कर. दबतच नाही असा कडक पॅड म्हणजे नुसतंच ताठ ठाणं, आणि फार लहान केलास तर चिरडून खाली टेकतो.

भाची: तीन पायांवर का नको? तीन कधी डुगडुगत नाहीत.

मामा: डुगडुगत नाहीत, कलंडतात. मागून जाड स्पीकर केबल खोचताना कोपरा दाबलास की गेलं. आणि त्या केबलींचंही बघ. एवढ्या ताठ केबली टेबलाला बांधून ठेवल्या तर पॅडने अडवलेलं कंपन त्यांच्यातून पलीकडे जातं. जरा सैल सोड. रबर थेट पॉलिशवर ठेवलंस तर डाग पडतो, तेवढं सांभाळ.

भाची: हे सगळं झालं या धुडाचं. आता माझ्या प्रीॲम्पचं. तो पाच किलोंचा आहे, त्यात व्हॉल्व्ह आहेत, त्यात फोनो स्टेज आहे. तूच म्हणालास तिथे फरक पडतो. तर माझे गोळीवाले पाय मी त्याच्याखाली घेणार.

मामा: त्याच्याखाली सॉर्बोथेनचे मऊ अर्धगोल घे. वजनाप्रमाणे कडकपणा निवडायचा, दहा ते वीस टक्के दबले की बरोबर.

भाची: मला गोळीवाले ऐकायचेत.

मामा: ऐकू येणार नाही.

भाची: तुला कसं कळलं?

मामा: टूल आणि ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये स्पीकर तपासले. ऐकणारे सगळे एका स्पीकर कंपनीतलेच लोक. स्पीकर समोर दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरना भरघोस गुण. तेच स्पीकर पडद्याआड गेल्यावर ते अंतर घटलं. डोळे उघडे असले की कान एकटे ऐकत नाहीत.

भाची: मग तूही पडदा लाव. मी घाबरत नाही.

मामा: या ४५ किलोंच्या ॲम्पसाठी पडदा लाव असं मी कधीच म्हणणार नाही. पाय बदलायला दोघं लागतात, पंधरा मिनिटं जातात, तोवर मघाच्या आवाजाची आठवण कानातून गेलेली असते. ॲम्प बंद केला तर गार होतो, आणि केबली काढून घातल्या की जोडाचा मळ पुसला जातो. फरक पडला तरी तो पायांचा की याचा, कुणी सांगावं?

भाची: म्हणजे जड ॲम्पच्या पायांबद्दल मी ऐकलेलं तू खोटंही ठरवू शकत नाहीस.

मामा: आणि तू खरंही. पण प्रीॲम्प पाच किलोंचा आहे, केबली न काढता एका हाताने उचलता येतो. तो पडद्याआड. पाय मी बदलणार, नाणं उडवून. दहा वेळा. तू कागदावर लिहायचं.

भाची: किती बरोबर आले तर पाय तुझ्या पैशाने?

मामा: दहापैकी नऊ.

भाची: आठ.

मामा: आठ किंवा जास्त नुसत्या नशिबानेही शंभरात पाच-सहांदा लागतात. नऊला ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास येतं. नऊ.

भाची: बरं, नऊ. पण पडद्यामागे मी उभी केलेली मैत्रीण असेल, तुझ्या शेजारी. तू प्रत्येक वेळी पाय बदललेस किंवा नाही बदललेस तरी तेवढाच वेळ घ्यायचा. आणि खोकायचं नाहीस.